कमानीची जागा

गीताची चाल कानाने शिकावी की कागदावरून, हा आपल्या गायकवृंदांतील जुना वाद आता जवळजवळ निकालात निघाला आहे. कागद जिंकला. पूर्वी नाताळाआधी महिनाभर पेटीमास्तर एकेक ओळ म्हणून दाखवीत आणि मंडळी ती मागून म्हणत. आता शनिवारी रात्री मोबाइलवर स्वरलिपीचे पान येते आणि रविवारी सकाळी मिस्साच्या वेळी ते गायिले जाते. ह्यात वाईट काही नाही. लहान धर्मग्रामात पेटी वाजविणारा माणूस कधी बदलीवर जातो, कधी कामाच्या पाळीवर असतो. तिथे लिहून ठेवलेली चाल हा मोठाच आधार आहे. मात्र गेल्या काही वर्षांत आमच्या हाती आलेली अशी पुष्कळशी पाने एकत्र ठेवून वाचली असता एक दोष वारंवार आढळतो, आणि तो स्वरांचा नाही. स्वर बहुधा बरोबर असतात. चुकते ती स्वरांच्या वर आणि खाली ठेवलेल्या बारीक खुणांची जागा. टिंबे, आडव्या रेघा, टोकदार आघातचिन्हे, आणि ह्या सर्वांहून अधिक, दोनचार स्वरांना कवेत घेणारी ती कमान, जिला पाश्चात्त्य संगीतात स्लर म्हणतात.

विषय किरकोळ वाटेल. केसाएवढ्या रेघेवर एवढा लेख कशासाठी, असे वाचक विचारतील. परंतु गाण्याच्या पानावर ही रेघ जे सांगते, ते दुसरे कोणतेही चिन्ह सांगत नाही. व्हायोलिन वाजविणाऱ्याला कमान सांगते की, इतके स्वर गजाच्या एकाच ओढीत घे. पियानोवाल्याला ती सांगते की, हे स्वर एकमेकांना चिकटवून वाजव. गाणाऱ्याला मात्र ती निराळेच सांगते: ह्या सर्व स्वरांचे अक्षर एक आहे. एकच चिन्ह, पण वाद्य बदलले की आज्ञा बदलते. गोव्यातल्या धर्मग्रामांच्या शाळांतून सोल्फा आणि व्हायोलिन शिकून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेलेल्या वादकांना हे पक्के ठाऊक होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक देशी चाल ऐकून ती स्टाफवर उतरवीत, आणि व्हायोलिनच्या ताफ्याला कमानी देताना गजाचा विचार करीत. ती पाने वाद्यांसाठी होती. आपली पाने माणसांच्या गळ्यासाठी आहेत, आणि तीही बहुतांशी न शिकलेल्या गळ्यांसाठी. तेव्हा आपल्या कमानीने अक्षराशीच इमान राखले पाहिजे.

एक साधे उदाहरण घेऊ. ते कोणत्याही छापील गीतातले नाही. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून आम्हीच जुळविले आहे. समजा, ‘दयाळा’ हा शब्द सहा स्वरांवर बसविला आहे: ग म प म ग रे. ‘द’ला एकटा गंधार, ‘या’ला म प म, ‘ळा’ला ग रे. म्हणजे कमानी दोन हव्यात; पहिली तीन स्वरांवर, दुसरी दोन स्वरांवर, आणि सुरुवातीचा गंधार मोकळा. आता संगणकावर काय होते? लिहिणारा उंदराने सहाही स्वर एकदम निवडतो आणि एक कळ दाबतो. पानावर एक लांब, डौलदार कमान उमटते. दिसायला ती फार छान दिसते. नववधूच्या दारावरच्या तोरणासारखी. पण तिचा अक्षरशः अर्थ घेतला तर ‘द’ हे अक्षर सहाही स्वरांवर ताणायचे आणि ‘याळा’ला जागाच नाही. गाणारा अर्थातच तसे गात नाही. तो खाली छापलेल्या अक्षरांकडे बघून आपल्या अंदाजाने वाटणी करतो, आणि शेजारचा आपल्या अंदाजाने. तीस माणसांचे तीस अंदाज. कमान नसती तर निदान मंडळींनी पेटीकडे कान दिला असता.

दुसरा प्रकार ह्याहून वाईट. कमान एक स्वर आधी सुरू होते: ग म प एका कमानीत, म ग दुसऱ्या, आणि रे एकटा. गायकवृंद आज्ञाधारक असेल तर ऐकू येते ‘दऽऽ याऽ ळा’. जे अक्षर लघु ते सर्वांत लांब झाले, आणि ज्या गुरू अक्षरावर शब्दाचा भार आहे ते आखडले. मराठी काव्याचा सारा डोलारा लघुगुरूंवर आणि अक्षरसंख्येवर उभा आहे. ओवी आणि अभंग ह्यांत मात्रांचे बंधन सैल असले तरी शब्दाचा उच्चार सैल नसतो. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. तेथल्या भजनी मंडळींना कुणी स्वरलिपी दिलेली नाही, तरीही अभंगाच्या चरणात कोणते अक्षर लांबवावे आणि कोणते सोडून द्यावे, हे टाळकऱ्यांना सांगावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आपली भक्ती अभंगांत मांडली तेव्हा ती ह्या कानावर विसंबूनच मांडली. कागदाने त्या कानाची जागा घ्यायची असेल तर कागदाला तेवढे कळले पाहिजे.

इथे कुणी म्हणेल की, दोष यंत्राचा आहे. आमचे मत तसे नाही. स्वरलिपी लिहिण्याचे जे प्रोग्रॅम आज उपलब्ध आहेत, फुकट मिळणारा म्यूझस्कोअर असो, १९९३ साली इंग्लंडातल्या फिन बंधूंनी बाजारात आणलेला सिबेलियस असो किंवा २०१६ साली आलेला डोरिको असो, त्यांनी जुन्या कोरक्यांचे पुष्कळ शहाणपण आत्मसात केलेले आहे. स्टकाटोचे टिंब स्वराच्या डोक्याच्या बाजूला ठेवावे, दांडीच्या टोकाला नव्हे. ते पाच रेघांपैकी एखाद्या रेघेवर पडून हरवू नये, मधल्या मोकळ्या जागेत बसावे. टिंब आणि आडवी रेघ डोक्याला लगटून असावीत आणि कमान त्यांच्या बाहेरून जावी. जोराच्या आघाताची उभी टोकदार खूण मात्र बहुधा कमानीच्याही बाहेर राहावी. हे सारे नियम एलेन गूल्ड या संपादिकेने २०११ साली ‘बिहाइंड बार्स’ नावाच्या जाडजूड ग्रंथात तपशिलाने नोंदविले आहेत, आणि चांगला प्रोग्रॅम ते न सांगता पाळतो. कमानीचाही नियम आहे: सगळ्या दांड्या वर असतील तर कमान खाली, सगळ्या खाली असतील तर कमान वर, आणि मिश्र असतील तर वर. ज्या काळी तांब्याजस्ताच्या पत्र्यावर एकेक चिन्ह ठोकावे लागे, त्या काळच्या कारागिरांची ही रीत. यंत्राने ती जिवंत ठेवली ह्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

परंतु ह्या नियमांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ते सर्व दांडीचे, डोक्याचे आणि रिकाम्या जागेचे नियम आहेत. अक्षराचा त्यांत कुठे उल्लेख नाही. कमान कोणत्या बाजूला काढावी हे प्रोग्रॅम जाणतो; ती कुठे सुरू व्हावी आणि कुठे संपावी हे तो विचारीत नाही, कारण ते त्याच्या अखत्यारीतले नाही. ते काम लिहिणाऱ्याचे. आणि लिहिणारा, पान इतके सुबक दिसत असताना, आपले काम झाले असे समजतो. हस्तलिखित पानाची खाडाखोड वाचणाऱ्याला सावध करीत असे. छापील सुबकता त्याला बेसावध करते.

चार आवाजांच्या गीतात ही बेसावधी आणखी एक घोटाळा करते. स्त्रियांचे दोन आवाज एका पट्टीवर लिहिताना वरच्या आवाजाच्या दांड्या वर आणि त्याच्या कमानीही वर, खालच्याच्या दांड्या खाली आणि कमानी खाली, अशी रीत आहे. वरचा आवाज एका स्वरावर थांबलेला असतो, खालचा त्याच अक्षरावर दोन पायऱ्या उतरतो. तेव्हा कमान फक्त खालच्याला हवी. पण घाईने दोन्ही आवाज एकाच आवाजाच्या नावाने टंकले की प्रोग्रॅमला ते एकाच व्यक्तीचे स्वर वाटतात, आणि कमान भलत्याच्या गळ्यात पडते.

खरी कसोटी दुसऱ्या कडव्यावर लागते. आपली गीते कडव्यांची. वरच्याच चालीवर दुसऱ्या कडव्यात ‘दयाळा’च्या जागी ‘ख्रिस्तराया’ आले असे समजा. अक्षरे तीनाची चार झाली. आता ‘ख्रि’ला ग, ‘स्त’ला म, ‘रा’ला प म, ‘या’ला ग रे. पहिल्या कडव्यासाठी म प म वर काढलेली कमान इथे साफ खोटी ठरते. ह्यावर उपाय जुनाच आहे: जी कमान सर्व कडव्यांना लागू नाही ती तुटक रेघेने काढायची, म्हणजे गाणारा समजतो की इथे आपल्या कडव्याची अक्षरे मोजून घ्यायची. सर्व नावाजलेल्या प्रोग्रॅमांत तुटक कमानीची सोय आहे. आमच्या पाहण्यातल्या मराठी पानांत मात्र ती जवळजवळ नाहीच. सर्व कमानी ठाम, सर्व पहिल्या कडव्याच्या, आणि दुसऱ्या कडव्यापासून मंडळींची वाट त्यांनी शोधायची.

ह्या बाबतीत लिलीपाँड नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटतो. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतकारांनी १९९६ साली त्याचे काम सुरू केले. त्यात उंदराने चित्र काढावे लागत नाही. स्वर साध्या अक्षरांत टंकायचे, कमान कंसाने दाखवायची आणि गीताचे शब्द वेगळे लिहायचे. मग प्रोग्रॅम स्वतःच शब्द स्वरांखाली वाटतो, आणि वाटताना कमानीतल्या सर्व स्वरांना एकच अक्षर देतो. म्हणजे कमान चुकली की त्यापुढची सगळी अक्षरे एकेक घर सरकतात आणि चूक ओरडून सांगते. पहिल्यांदा वापरणाऱ्याला ह्याचा त्रास होतो, हे खरे. टंकलेखनासारखे लिहिणे अनेकांना रुक्ष वाटते. पण ज्या यंत्रात चुकीची कमान सुंदर दिसूच शकत नाही, ते यंत्र आमच्या मते चांगला पेटीमास्तर आहे.

ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या संगीतात हा प्रश्न एका दृष्टीने कधी उद्भवलाच नव्हता. सेमिनरीत ज्यांनी ग्रेगोरियन गायनाची चौकोनी स्वरलिपी हाताळली आहे त्यांना आठवेल की तिथे कमान नसते. एका अक्षराचे जितके स्वर तितके एकत्र जोडून एक आकृती बनते, तिला न्यूम म्हणतात; आणि नवे अक्षर आले की नवी आकृती सुरू होते. एक न्यूम दोन अक्षरांवर पसरत नाही. म्हणजे स्वरांची मांडणीच अक्षरांनी ठरविलेली. अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो यांनी रेघांवर स्वर बसविण्याची पद्धत रूढ केली तेव्हाही हा धर्म सुटला नाही. आजच्या काळात ह्या लिपीसाठी ग्रेगोरिओ नावाचा जो प्रोग्रॅम आहे, त्यात लिहिण्याची रीत ह्याच वळणाची आहे: आधी अक्षर, मग त्याच्यापुढे कंसात त्याचे स्वर. स्वर आधी आणि शब्द नंतर, अशी सोयच ठेवलेली नाही.

तिथेही बारीक खुणांच्या जागेवरून भांडणे झालीच. फ्रान्सातील सोलेमच्या मठात दों आंद्रे मोक्रो (१८४९–१९३०) यांनी जुन्या स्वरांना तालाच्या खुणा जोडल्या: लांबविण्यासाठी उजवीकडे टिंब, किंचित रेंगाळण्यासाठी आडवी रेघ, आणि तालाचा टेका दाखविणारी बारीक उभी रेघ. व्हॅटिकनने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रादुआले’त ह्या खुणा नव्हत्या, सोलेमच्या आवृत्त्यांत होत्या. पुढे कित्येक वर्षे विद्वान ह्यावर झगडले की, उभी रेघ शब्दाच्या आघाताशी जुळली पाहिजे की नाही. त्याच मठातील दों यूजीन कार्दीन (१९०५–१९८८) यांनी नंतर सर्वांना पुन्हा प्राचीन हस्तलिखितांकडे वळविले, आणि १९७९ साली ‘ग्रादुआले ट्रिप्लेक्स’ निघाले, ज्यात चौकोनी स्वरांच्या वर एका परंपरेच्या हस्तलिखितातील खुणा आणि खाली दुसरीच्या, अशा दोन्ही छापल्या आहेत. खूण कुठे ठेवायची हा प्रश्न तिथे किती गंभीरपणे घेतला गेला, हे ह्यावरून दिसेल. केवळ छपाईच्या देखणेपणासाठी कुणी एवढे आयुष्य खर्चीत नाही.

आता आपल्या घरात येऊ. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा संविधानलेख संमत केला आणि त्याच्या ११९व्या कलमात त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला मान दिला. त्यानंतर देशी चाली मंदिरात आल्या, आणि त्यांच्याबरोबर देशी स्वरलिपीही आली. आमच्या गायकवृंदात पेटीवर बसणारा सहसा भातखंड्यांच्या पद्धतीत शिकलेला असतो, आणि कीबोर्डवर बसणारा तरुण स्टाफ वाचतो. एकच गीत दोन पानांवर. गोंधळ इथे सुरू होतो.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत दोन ओळी असतात: वर स्वर, खाली गीताची अक्षरे, आणि अक्षर लांबले की त्याच्यापुढे अवग्रह. अक्षर किती स्वरांवर चालले आहे हे अवग्रहच मोजून दाखवितो. त्यासाठी कमानीची गरज नाही. कमान तिथे दुसऱ्या कामासाठी राखलेली आहे, आणि दोन कामांसाठी. स्वरांच्या वर काढली तर ती मींड: एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जा. स्वरांच्या खाली काढली तर ती काळ: हे सर्व स्वर एका मात्रेत बसव. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. स्टाफवर कमान वर आहे की खाली, हा सोयीचा प्रश्न आहे. अर्थ तोच राहतो. भातखंड्यांच्या पानावर तो अर्थाचाच प्रश्न आहे. म्यूझस्कोअरमध्ये इंग्रजी एक्सची कळ दाबली की कमान वरून खाली उडी मारते, आणि त्यात काही बिघडत नाही. तीच सवय घेऊन तरुण जेव्हा पेटीवाल्याचे पान संगणकावर उतरवितो आणि अक्षरांना अडचण होते म्हणून कमान वर सरकवितो, तेव्हा त्याने दुगुनीची मींड केलेली असते.

टिंबाची कथा तर ह्याहून विलक्षण आहे. भातखंड्यांच्या लिपीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या लिपीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र. तारसाठी उभी रेघ. एकाच भाषेत, एकाच पिढीतल्या दोन विष्णूंनी एकाच टिंबाला, एकाच जागी, एकमेकांविरुद्ध अर्थ दिले. स्टाफवर स्वराच्या वर किंवा खाली टिंब म्हणजे स्टकाटो, स्वर तोडून म्हण. आणि तेच टिंब स्वराच्या उजवीकडे ठेवले तर उलट, स्वर दीडपट लांबव. सोलेमच्या चौकोनी लिपीतही उजवीकडचे टिंब लांबवितेच. त्यातून देवनागरी टंकताना तार षड्जाचे टिंब म्हणून अनुस्वारच वापरण्याची पद्धत पडली आहे, ‘सां’ अशी, आणि मंद्रासाठी अक्षराखालचा नुक्ता. कोमल स्वराखालची आडवी रेघ मिळावी म्हणून काहीजण वेदपाठातले अनुदात्ताचे चिन्ह टंकतात. दोन अक्षरांवरची कमान खटपटीने जमते. चार अक्षरांवरची साध्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये जमत नाही, म्हणून ती छापल्यावर पेनाने काढतात, किंवा विसरतात. आम्ही पाहिलेल्या पानांत विसरलेल्या कमानी काढलेल्यांहून अधिक आहेत. तेव्हा मींड गेली ती गायकांच्या आळसाने गेली असे म्हणण्यापूर्वी, ती टंकलेखनात गेली नाही ना, हेही पाहावे.

(पेटीने तिला आधीच अर्धे मारले होते, हेही खरे. पट्ट्यांच्या वाद्यावर दोन स्वरांच्या मधली वाट नसते. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले, त्यामागे हीच तक्रार होती. पण आमच्या मंडळींनी पेटी सोडावी असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.)

यंत्रासाठी लिपी वाकवावी की लिपीसाठी यंत्र, हा वाद आपल्या मुलखात जुना आहे. पलुस्करांची लिपी बारकाव्यांनी भरलेली. मात्रांची चिन्हे स्वरांखाली, प्रत्येक प्रमाणाला निराळी. ती लिहायला अवघड आणि छापायला त्याहून अवघड. भातखंड्यांची लिपी सुटसुटीत म्हणून छापखान्यात टिकली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’मुळे घरोघर गेली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना दोन्हींपेक्षा निराळी वाट दिसली. देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. क्लेमेंट्स यांनी १९१३ साली आपल्या ग्रंथात युरोपीय स्टाफलाच श्रुतींची नवी चिन्हे जोडून हिंदुस्थानी राग लिहिता येतील असे मांडले. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे भातखंडे आणि त्यांच्या बाजूचे जाणकार ह्या मोजणीला राजी झाले नाहीत. आमच्या मते क्लेमेंट्स यांची निष्ठा निर्विवाद होती, परंतु चिन्हे वाढविल्याने गायकी पकडता येते हा त्यांचा भरवसा जास्त होता. आजच्या प्रोग्रॅममधल्या चिन्हांच्या भल्या मोठ्या पेटाऱ्याकडे पाहून तोच भरवसा पुन्हा वाटू लागतो.

आणखी मागे जायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आहे. अस्सल मराठी ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली छापला गेला तो रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ओवी टिकली, कारण लोकांनी ती कानाने ऐकली होती आणि तोंडाने म्हटली होती. लिपीने केलेली कुचंबणा गळ्याने भरून काढली. आज उलट परिस्थिती येऊ पाहते: लिपी समर्थ, आणि गळा तिच्यावर सर्वस्वी विसंबलेला.

सोलापुरात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हे शहर मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत बोलते, आणि धर्मग्रामातही तसेच आहे. एकाच चालीखाली देवनागरी, कानडी, तेलुगू, आणि जे ह्यांपैकी काहीच वाचीत नाहीत त्यांच्यासाठी रोमन अक्षरे, अशी पाने निघतात. अक्षरांची फोड इथे कस पाहते. देवनागरीत आपण सहज ‘ख्रि-स्त’ असे तोडतो, कारण जोडाक्षर मोडायची आपल्याला सवय नाही. कानडी आणि तेलुगू लिपींचाही स्वभाव तोच. रोमनमध्ये मात्र ‘स’ पहिल्या तुकड्यात जातो: ‘ख्रिस्-त’. उच्चाराच्या दृष्टीने रोमन तोडच बरोबर आहे. देवनागरी वाचणारा ‘ख्रि’ लांबवून ‘स्त’ पुढच्या स्वरावर आपटतो, रोमन वाचणारा ‘स’काराने पहिला स्वर मिटवतो, आणि एकाच बाकावर दोघे शेजारी उभे असतात. कमान योग्य असेल तर निदान स्वर कुठे बदलायचा ह्यावर दोघांचे एकमत होते. ती नसेल तर सकारांचा पाऊस पडतो. मधल्या बाकांवर बसून कुणीही ऐकावा.

उच्चारणाच्या इतर चिन्हांविषयी थोडक्यात. भक्तिगीताच्या पानावर स्टकाटोची टिंबे आणि आघाताची टोके इतकी का असतात, ह्याचे आम्हांला प्रथम कोडे वाटे. उत्तर सोपे आहे. संगणक पान वाजवून दाखवितो. टिंब दिले की स्वर साधारण निम्मा वाजवितो, टोक दिले की जोराने. तबल्याचा ठेका नसलेल्या त्या यांत्रिक वादनात जीव यावा म्हणून लिहिणारा चिन्हे वाढवीत जातो. ती चिन्हे यंत्राच्या कानासाठी असतात, पण छापली जातात माणसाच्या डोळ्यासाठी. मग ‘आल्लेलुया’ची प्रत्येक मात्रा कुणीतरी टाचणीने टोचल्यासारखी तुटक येते. ही चिन्हे वाजविण्यापुरती ठेवून छापील पानावर लपविता येतात. म्यूझस्कोअरमध्येही तशी सोय आहे. ती वापरावी. गीताच्या पानावर आघातचिन्ह विरळाच असावे, आणि जिथे असेल तिथे शब्दानेच ते मागितलेले असावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी ह्या सगळ्याहून निकडीची आहे. १९८८ पासून जगभर वापरात असलेला फिनाले हा प्रोग्रॅम त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. ज्या गायकवृंदांची पाने त्यात साठविलेली आहेत त्यांना ती दुसरीकडे न्यावी लागत आहेत. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठी म्यूझिकएक्सएमएल नावाचे एक सामाईक रूप आहे. त्यातून स्वर सुखरूप जातात, शब्द बहुतांशी जातात, कमानीही जातात. परंतु कुणीतरी तासभर बसून हाताने सरकविलेली कमान, तुटक केलेली रेघ, बाजूला घेतलेले टिंब, ह्या गोष्टी वाटेत पुष्कळदा सांडतात आणि नवा प्रोग्रॅम सर्व काही आपल्या दांडीच्या नियमाने पुन्हा मांडतो. म्हणून पान हलविण्यापूर्वी त्याची एक छापील प्रत काढून ठेवावी, आणि हलविल्यानंतर दोन्ही प्रती समोरासमोर धरून, पेटीजवळ बसून, प्रत्येक कडवे मोठ्याने म्हणत कमानी तपासाव्यात. दोघांनी बसावे: एकाने गावे, दुसऱ्याने पेन्सिल धरावी. गाणारा शक्यतो असा असावा ज्याला स्टाफ वाचता येत नाही.